बेळगाव भागात मोबाइलवर चालणारे कॅसिनो खेळ : कोणता किती कापतो आणि पैसे कुठे अडकतात

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत मोबाइलवर चार तऱ्हेचे खेळ जास्त दिसतात: कलरचा खेळ, विमानाचा खेळ, स्लॉट (चित्रांची चाके फिरवायचा खेळ) आणि थेट टेबलावरचे पत्ते-रुलेट. ‘यात फसवणूक असते का?’ असे सगळे एका दमात विचारतात, पण हे तीन वेगळे प्रश्न आहेत. निकाल मागून कुणी फिरवतो का? निकाल सरळ लागला तरी खेळ शंभरातले किती कापून घेतो? आणि जिंकलेली रक्कम खात्यावर येते का? एखादा खेळ पहिल्या प्रश्नात पास होतो आणि तिसऱ्यात साफ नापास होतो. म्हणून प्रत्येक खेळ या तिन्ही कसोट्यांवर वेगवेगळा पाहिला आहे.

कायद्याचे आधी सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्यात बंद केले आहेत. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे आणि ५० लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की आज जे ॲप तुमच्याकडून पैसे घेते ते देशात उघडपणे उभे नाही. पणजीला मांडवीवरच्या बोटींना निदान गोवा सरकारचा परवाना आहे, चोर्ला घाट उतरून गेले की खिडकीवर माणूस दिसतो. ॲपच्या मागे असा दरवाजाच नाही.

कलरचा खेळ : सगळ्यात वाईट

लाल, हिरवा, जांभळा. ० ते ९ आकडे. ३० सेकंद, १ मिनिट, ३ मिनिटांची फेरी. दिसायला हा ओसीचा, म्हणजे ओपन-क्लोज मटक्याचा, धाकटा भाऊ वाटतो, म्हणूनच आपल्याकडे तो पटकन रुजला. नेहमीचे नियम असे असतात: हिरव्यावर लावले आणि १, ३, ७, ९ आले तर दुप्पट, ५ आला तर दीडपट. लालला २, ४, ६, ८ दुप्पट आणि ० ला दीडपट. जांभळ्याला ० किंवा ५ आला तर साडेचारपट. आकड्याला नऊपट. शिवाय प्रत्येक डावावर २ टक्के सेवाशुल्क, म्हणजे १०० लावले की हिशेबात ९८ धरतात.

हिरव्याचा हिशेब करून पाहा. दहातल्या चार आकड्यांना दुप्पट म्हणजे ०.८०, एका आकड्याला दीडपट म्हणजे ०.१५, मिळून ०.९५. त्याला ९८ टक्क्यांनी गुणले की ०.९३१. म्हणजे यंत्र अगदी सरळ चालले तरी दर १०० रुपयांमागे ६ रुपये ९० पैसे जातात. जांभळा आणि आकडा दोन्हीत परतावा ८८.२ टक्के, म्हणजे जवळपास १२ रुपये जातात. ‘आकड्याला नऊपट मिळते’ म्हणून लोक तिकडे वळतात, आणि तोच डाव जास्त कापणारा आहे.

पण या खेळाचा खरा दोष हा नव्हेच. फेरी बंद होते तेव्हा कोणत्या रंगावर आणि आकड्यावर किती पैसे आहेत हे मालकाच्या सर्व्हरला माहीत असते, आणि निकाल त्यानंतर दाखवला जातो. निकाल आधीच ठरला होता याचा कोणताही पुरावा खेळणाऱ्याला मिळत नाही. अशा खेळांचे तयार सॉफ्टवेअर बाजारात विकत मिळते, आणि त्यात निकाल हाताने घालायची सोय असलेले नमुनेही असतात. ज्या आकड्यावर सगळ्यात कमी पैसे तोच काढायचा, एवढे एक कलम प्रोग्रॅममध्ये घातले की काम झाले.

काही जण शेवटच्या हजार फेऱ्यांचे आकडे वहीत उतरवून काढतात आणि सगळे आकडे सारखेच आलेत म्हणून खेळ खरा ठरवतात. ही तपासणी इथे निरुपयोगी आहे. हजार फेऱ्यांत प्रत्येक आकडा १०० च्या आसपास येणार, ८० ते १२० मध्ये असला तरी त्यात वावगे काही नाही. पण लबाडी आकड्यांच्या बेरजेत दिसतच नाही, ती तुमच्या डावांच्या निकालात असते. कुणी आधीच बरेच खेळले असेल तर त्याच्या हिस्टरीतून लहान डाव आणि मोठे डाव वेगळे काढा. हिरव्या-लालवरचे १०० डाव घेतले तर ५० च्या आसपास लागायला हवेत, ४० ते ६० हा नेहमीचा पल्ला. लहान डावांत ५० लागले आणि मोठ्या डावांत ३५ च्या खाली गेले, तर निकाल बघून काढला जातोय असे समजायला जागा आहे. मात्र या तपासणीसाठी म्हणून नवे पैसे घालू नका.

विमानाचा खेळ : निकाल तपासता येतो, तरी पुरे नाही

विमान वर चढते, आकडा १.०० पासून वाढत जातो, ते उडून जायच्या आत पैसे काढायचे. या तऱ्हेतला सगळ्यात माहितीतला खेळ स्प्राइब कंपनीचा एव्हिएटर. त्याचा जाहीर परतावा ९७ टक्के आहे. म्हणजे विमान अमुक आकड्यापर्यंत पोचण्याची शक्यता साधारण ०.९७ भागिले तो आकडा. दुप्पटपर्यंत ४८.५ टक्के, दीडपटपर्यंत ६४.७, आणि १.२० पर्यंत ८०.८ टक्के. ‘१.२० वर काढले की धोका नाही’ ही गल्लीत ऐकू येणारी युक्ती याच हिशेबात बघा. शंभर-शंभरचे १०० डाव: ८१ वेळा २०-२० रुपये आले म्हणजे १,६२०, १९ वेळा शंभर गेले म्हणजे १,९००. जवळपास ३०० चा खड्डा, म्हणजे तेच ३ टक्के. १.२० वर काढा की १० पटीवर, हे प्रमाण हलत नाही. बदलतो फक्त झटका: कधी थोडे थोडे जातात, कधी एकदम.

एक गोष्ट मात्र या खेळाच्या बाजूची आहे. निकाल मागून बदलला नाही हे स्वतः पडताळता येते. फेरीपूर्वी सर्व्हर एक गुप्त अक्षरमाला ठरवतो आणि तिचा हॅश, म्हणजे तिच्यापासून गणिताने काढलेला न बदलणारा ठसा, आधीच दाखवतो. त्यात त्या फेरीत पहिल्यांदा डाव लावणाऱ्या तीन खेळाडूंच्या अक्षरमाला मिसळतात, आणि सगळ्यांचा मिळून निकाल निघतो. तपासायचे असे: मेनूमधल्या ‘प्रोव्हेबली फेअर’ सेटिंगमध्ये जाऊन पुढच्या फेरीचा दाखवलेला हॅश कॉपी करून ठेवा. फेरी संपल्यावर वरच्या हिस्टरीतल्या त्या आकड्यावर दाबा. आता उघड झालेली सर्व्हरची अक्षरमाला, तीन खेळाडूंच्या अक्षरमाला आणि एकत्र हॅश दिसतो. सर्व्हरची अक्षरमाला कोणत्याही दुसऱ्या, या ॲपशी संबंध नसलेल्या हॅश कॅल्क्युलेटरमध्ये घाला. आधी कॉपी केलेला ठसाच आला पाहिजे. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी पूर्ण ठसा बदलतो, त्यामुळे थोडाफार जुळला असे काही नसते.

इथे एक बारकावा बहुतेक परीक्षणांत राहून जातो. ते तिन्ही खेळाडू म्हणजे मालकाचीच बनावट खाती असतील तर अक्षरमालांचे मिश्रण पुन्हा त्याच्याच हातात राहते. सेटिंगमध्ये स्वतःची अक्षरमाला घालून, फेरी उघडताच डाव लावून, त्या तिघांत आपले नाव आले तरच ही तपासणी पक्की. व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीके फाइलमधल्या (म्हणजे ॲप स्टोअरबाहेरून बसवायच्या ॲपमधल्या) नकली विमानांत हे पान एकतर नसतेच, नाहीतर तपासणीचे बटण त्यांच्याच वेबसाइटवर नेते आणि ‘बरोबर आहे’ म्हणते. तिथे हा खेळ कलरच्या पंक्तीला जाऊन बसतो.

टेलिग्रामवरचे ‘सिग्नल’ आणि ‘प्रेडिक्टर’ ॲप याबद्दल ठामपणे सांगतो: हॅशवरून मूळ अक्षरमाला उलटी काढता येत नाही, आणि खेळाडूंच्या अक्षरमाला तर डाव लागेपर्यंत ठरलेल्याच नसतात. त्यामुळे पुढचा आकडा आधी सांगणे कुणालाच शक्य नाही. सिग्नल देणाऱ्याची कमाई त्याच्या लिंकवरून आलेल्या लोकांच्या नुकसानीतल्या वाट्यातून होते, तुम्ही हरला तर त्याचे पोट भरते. आणि प्रेडिक्टर ॲप बसवताना एसएमएस वाचायची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली, तर त्याला तुमचा ओटीपी हवा आहे.

थेट टेबल आणि स्लॉट

नावाजलेल्या स्टुडिओतून कॅमेऱ्यावर चालणारे टेबल निकालाच्या बाबतीत बरे. चाक आणि पत्ते डोळ्यांसमोर असतात आणि डाव बंद झाल्यावर पत्ता येतो. कापणी नियमांत असते. एका शून्याच्या रुलेटमध्ये ३७ घरे आणि एका आकड्याला लावलेले परत देऊन वर ३५ पट, त्यामुळे २.७० टक्के जातात. दोन शून्ये असली तर ५.२६. म्हणून चाकावर ‘००’ दिसले की ते टेबल सोडावे. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात बँकर नावाच्या बाजूवर १.०६, प्लेअरच्या बाजूवर १.२४, पण टाय म्हणजे बरोबरीवर १४ च्या वर. ड्रॅगन-टायगर (दोन बाजूंना एकेक पत्ता, मोठा जिंकतो) पत्त्यांच्या आठ जोडांवर खेळतात तेव्हा साध्या बाजूला ३.७३ टक्के, आणि टायला लावलेले परत करून वर आठपट देऊनही शंभरातले जवळपास ३३ कापतात. टायचा चौकोन पडद्याच्या मधोमध, चकाकत ठेवलेला असतो तो उगीच नव्हे.

अंदर-बाहर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पहिला पत्ता अंदरला पडत असेल तर अंदर जिंकण्याची शक्यता ५१.५ टक्के, म्हणून अंदरला रुपयाला ९० पैसे देतात आणि बाहरला रुपया. त्यात अंदरवर २.१५ आणि बाहरवर ३ टक्के जातात. कुठले ॲप अंदरला ८० पैसे देत असेल तर तीच कापणी ७ टक्क्यांच्या वर जाते. दर वाचल्याशिवाय हे कळत नाही, आणि नियमांचे पान बहुतेक इंग्रजीत, फार तर हिंदीत. मराठीत किंवा कन्नडमध्ये क्वचितच.

तीन पत्तीत पैसे खेळाडूंचेच फिरतात, ॲप प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, कमिशन घेते. तिथे प्रश्न समोर बसलेला माणूस आहे की बॉट (माणसाच्या नावाने खेळणारा प्रोग्रॅम), आणि दोघे आपसात फोनवर बोलत नाहीत ना, हा. तीन पत्त्यांच्या २२,१०० जुळण्यांत ट्रेल (तिन्ही सारखे) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचे तीन सलग) ४८, सिक्वेन्स (नुसते सलग) ७२०, कलर (नुसते एकाच चिन्हाचे) १,०९६ आणि जोडी ३,७४४. ट्रेल ४२५ हातांत सरासरी एकदा. एका संध्याकाळी तुम्हाला कलर आणि समोरच्याला सिक्वेन्स असे मोठे हात पुन्हा पुन्हा भिडू लागले, तर टेबल पॉट फुगवण्यासाठी लावलेय असा संशय रास्त आहे.

स्लॉटचे निराळे. त्याचा परतावा बहुधा ९४ ते ९६ टक्के सांगतात, पण एकाच नावाच्या, एकाच चित्राच्या स्लॉटच्या वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्या निर्माते देतात आणि कोणती लावायची ते साइट ठरवते. ९६ चा खेळ म्हणून इंटरनेटवर वाचलेला खेळ तुमच्या ॲपवर ९२ चाही असू शकतो. ‘आय’चे चिन्ह दाबून नियमांच्या शेवटच्या पानावर तो आकडा पाहावा, तिथे आकडाच नसेल तर खेळ बंद करावा. २० रुपये लावून ८ आले तरी स्लॉट जिंकल्याची धून वाजवतो, दिवे लावतो. १२ रुपये गेलेले असताना मेंदूला जिंकल्याचा संदेश मिळतो. ब्रिटनने २०२१ मध्ये ही धून बंद केली, आपोआप फिरवायचे बटण काढायला लावले आणि एका फेरीला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत असा नियम केला. आपल्याकडे येणाऱ्या ॲपवर या तिन्ही गोष्टी मोकाट आहेत.

वेगाचा हा मुद्दा टक्क्यांपेक्षा मोठा आहे. ओसीत जिथे एकेरी आकड्याला रुपयाला नऊ असा भाव चालतो, तिथे कापणी १० टक्के, म्हणजे वर सांगितलेल्या बहुतेक खेळांपेक्षा जास्त. पण दिवसाला ५० रुपयांचे चार आकडे खेळणाऱ्याचे सरासरी २० रुपये जातात. दहा रुपयांचा स्लॉट तासाला ६०० वेळा फिरतो. ६,००० ची उलाढाल, ४ टक्क्यांनी २४० रुपये, एका तासात. एक मिनिटाच्या कलरवर ५० चा डाव: तासाला ३,००० आणि सरासरी २०७ गेले. थेट रुलेटवर तासाला ५० फेऱ्या धरल्या तर ५० च्या डावाचे ६७. कमी टक्का म्हणजे कमी नुकसान असे नाही.

हरल्यावर डाव दुप्पट करण्याची पद्धतही याच हिशेबात मोडते. १०० पासून सुरू करून आठ वेळा सलग हरले की २५,५०० गेले आणि नववा डाव २५,६०० चा. रुलेटच्या लाल-काळ्यावर असे सलग आठ २०७ मालिकांत सरासरी एकदा होते. बाकीच्या २०६ मालिकांत प्रत्येकी १०० मिळून २०,६०० येतात. शिवाय टेबलाची कमाल मर्यादा नववा डाव लावूच देत नाही.

पैसे काढताना

पैसे काढायच्या खिडकीवर आमचे मत सगळ्यात कडक आहे. ५,००० भरले की ५,००० बोनस, आणि अट ‘३० पट’. ही ३० पट भरणा आणि बोनस दोन्हींवर असेल तर १०,००० गुणिले ३०, म्हणजे ३ लाखांचे डाव खेळल्याशिवाय एक पैसा काढता येत नाही. ४ टक्के कापणीच्या खेळावर ३ लाख फिरवले की सरासरी १२,००० जातात. खात्यात होते १०,०००. बोनस नाकारायचा चौकोन भरणा करताना असतो, नंतर नाही. थेट टेबलावरचे डाव त्या अटीत पुष्कळदा १० टक्केच धरतात, तेही बघावे.

‘तुमचे दोन लाख तयार आहेत, आधी ३० टक्के टॅक्स भरा’ असा मेसेज आला तर तिथेच थांबा. ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकण्यावर २०२३ पासून ३० टक्के कर आहे हे खरे, पण तो रक्कम देताना कापून घेतात. कर म्हणून खेळणाऱ्याने आधी वेगळे पैसे पाठवायचे, असा प्रकार नसतो. ते पैसे भरले की पुढे ‘खाते उघडण्याची फी’ मागतात.

परवान्याचे शिक्के तळाशी लावलेले असतात. ईकोग्रा, जीएलआय, आयटेक लॅब्ज या खऱ्या तपासणी प्रयोगशाळा आहेत, पण शिक्का दाबल्यावर त्या प्रयोगशाळेच्या स्वतःच्या साइटवर त्या वेबपत्त्याचे नाव दिसले तरच तो खरा. नुसते चित्र असेल तर काही उपयोग नाही. माल्टा किंवा ब्रिटनचा परवाना त्यांच्या सार्वजनिक यादीत नंबर घालून बघता येतो. तो खरा निघाला तरी भारतात खेळ कायदेशीर होत नाही.

भरण्याच्या पानावर यूपीआय आयडी दर वेळी बदलत असेल, आणि नाव कंपनीचे नसून कुठल्या तरी किराणा दुकानाचे किंवा अनोळखी माणसाचे येत असेल, तर ते भाड्याने घेतलेले खाते आहे. अशा खात्यांत दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे पैसेही आलेले असतात. त्या खात्यातून तुम्हाला ३,००० ‘जिंकलेले’ आले आणि मूळ फसलेल्या माणसाने तक्रार केली, की साखळीतल्या खात्यांवर रोक लागू शकते, तुमच्यावरही. उसाचे बिल, पेन्शन, सोसायटीचा हप्ता ज्या खात्यात आहे त्याच खात्यावरून हे व्यवहार झाले असतील तर सगळेच अडते. आणि कॉलेजच्या पोरांना चार-पाच हजार देऊन पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागणारे फिरत असतात. असे खाते दिले की पोलिसांच्या कागदावर आरोपी म्हणून पोराचेच नाव पहिले येते. घरातल्या मोठ्यांनी हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या काही तासांत सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त. फोनपूर्वी हातात ठेवा: व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी, ॲपचे नाव किंवा वेबपत्ता, आणि चॅटचे स्क्रीनशॉट. ॲप काढून टाकू नका, पुरावा त्यातच आहे. मग सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणारे, पोलीस ठाणे. शहर आयुक्तालयाचे वेगळे आणि जिल्ह्याचे वेगळे आहे, राहत्या पत्त्याप्रमाणे जावे. बँकेचे खाते गडहिंग्लज-चंदगडकडचे असेल आणि ‘तिकडे जा’ म्हणाले, तर शून्य एफआयआर मागा. हद्द कोणतीही असो, ती कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. अर्ज मराठीत लिहून नेला तरी तिथे कन्नडमध्ये उतरवून घेतात, तेव्हा यूटीआर आणि रक्कम त्या प्रतीत बरोबर आली आहे का ते सही करण्याआधी आकडा-आकडा जुळवून पाहा.

आणि घरात कुणी थांबू शकत नसेल, दागिने सोसायटीत गहाण जाऊ लागले असतील, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. समक्ष जायचे तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. जाताना त्या माणसाच्या खात्याचे गेल्या सहा महिन्यांचे स्टेटमेंट न्यावे. किती वाजता, किती वेळा आणि केवढ्या रकमेने पैसे गेले हे डॉक्टरांना त्यावरून लगेच दिसते.